सौसरच्या मशीनचे दोनशे तेरा 'यशस्वी'

पांढुर्णा, दि. १२ फेब्रुवारी

आदरणीय साडूभाऊ हेमंतराव यांना अरविंदचा नमस्कार.

नलिनीताईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे मी सोडून सगळे ठीक.

तुमच्या घरी ठेवलेल्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरबद्दल लिहून राहिलो. ग्रंथसूची माझ्याकडे ठेवायची की नागपूरच्या कंपनीला द्यायची, हे रविवारी सभेत ठरणार. (चौदा हजार दोनशे बारा पुस्तकं मी एकट्याने टाइप केली, कोणत्या क्लासची पायरी न चढता.) रोज सहाला इथला कॉम्प्युटर माझ्या स्क्रिप्टप्रमाणे तुमच्याकडच्याला हुकूम देतो: बाहेरच्या डिस्कवर सूचीची प्रत ठेव, मग वेळ सांग. उत्तर येतं, 'यशस्वी, सहा वाजून चार मिनिटं.' ते मी रजिस्टरात शाईने उतरवतो.

सोमवारी इथली हार्डडिस्क मेली. बसने सौसरला आलो (तुम्ही बोरगावला होता), तर बाहेरची डिस्क टीव्हीच्या मागे, तुमच्या वैभवच्या लग्नाची फिल्म पोटात घेऊन. शेवटची प्रत दहा जुलैची. नंतरची अठराशे सहा पुस्तकं गेली. रजिस्टरात मात्र दोनशे तेरा वेळा 'यशस्वी'.

काय यशस्वी झालं? प्रत रोज फसली, पण वेळ सांगता आली, आणि इकडे फक्त शेवटच्या कामाचा निकाल येतो. लोधीखेड्याला लग्नपत्रिका द्यायला माणूस पाठवावा, घराला कुलूप असावं, याने चौकात चहा पिऊन परत यावं आणि 'झालं जी' म्हणावं, तसं. कोणत्या कामाचं 'झालं', हे मशीनने सांगायला नको? आता स्क्रिप्ट नवी केली. प्रत फसली की तिथेच थांबून बोंब मारेल. झाली, तर पुस्तकं मोजून आकडा पाठवेल.

आपला,
अरविंद

ता. क. वेळ सांगायची ओळ मीच मागाहून शेवटी जोडली. अध्यक्ष रघुनाथराव भर सभेत म्हणाले होते, 'यशस्वी म्हणजे केव्हा जी? टाइम काहून नाही लिहिला?'

ता. ता. क. रविवारी मी सांगणार आहे की डिस्क मला न विचारता काढली. नलिनीताईंनी जुलैत फोन करून 'अरविंदराव, डिस्क काढून घेऊ का जी?' असं विचारलं होतं आणि मी जेवता जेवता 'काढा' म्हणालो होतो. तो फोन त्यांनी विसरावा. तुम्ही नुसतं 'सांगितलं' म्हणून कळवू नका. विसरल्या का, ते कळवा.