मनगटभर दोरे

फ्रेस्नो, ४ ऑगस्ट

ती. यिंगआत्या हिस पाकूचा सा. न., आज मान खाली घालूनच. वि. वि.

फोनच केला असता, पण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि तुझ्या सगळ्या सुना ऐकतात.

मी मोठ्या विद्यापीठात बिझनेस शिकायला निघाले, म्हणून काल आपल्याकडे माझ्या मनगटाला दोरे बांधले. साठएक माणसं आली. प्रत्येकाने पांढरा दोरा बांधून आशीर्वाद दिला, हातात उकडलेलं अंडं ठेवलं. बाबा नुसते फुगले होते. मी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढली म्हणून नाकं मुरडणाऱ्या शेजाऱ्यांनाही त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. आणि आत्या, माझा प्रवेश रद्द झालाय हे मला बुधवारीच पत्राने कळलं होतं.

चूक माझीच. मार्चमध्ये कॅल्क्युलसची परीक्षा बुडली. मास्तरांना सांगायची लाज वाटली, म्हणून विषयच सोडून दिला. तो पास झाल्याशिवाय जागा पक्की नाही, असं प्रवेशाच्या पत्रात खाली लिहिलं होतं. मी वरची अभिनंदनाची ओळ वाचली आणि नाचत सुटले.

१६ला बाबा स्वतः मला सोडायला निघणार. तांदळाची पोती व्हॅनमध्ये चढवूनसुद्धा झाली. जेवताना आई माझ्या हाताकडे बघून हसते, आणि मी बाही खाली ओढते. काय करू?

हवं तेवढं रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी पाकू

*

सेंट पॉल, ९ ऑगस्ट

चि. पाकू हिस यिंगआत्याचे अ. आ., कान धरून.

तुझं पत्र आल्यापासून दोनदा भाजी करपली. परीक्षा का बुडली ते लिहिलं नाहीस. मी काय दूधखुळी आहे? माझ्या आईचे शेवटचे चार दिवस तेव्हाच चालले होते. तू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होतीस, आणि मीच चारचौघींत म्हटलं, "परीक्षा काय, पुन्हा येते. आजी एकदाच जाते. ऊठ, भात चढव." तू मुकाट चढवलास, आणि आता मलाच पाठीशी घालतेस. मेले गं मी लाजेने.

पण म्हणून तू सुटलीस असं नाही. मास्तरांना सांगायला तुला तोंड होतं, साठ माणसांना थांबवायलाही होतं. तुझा बाप माझा भाऊ आहे, अपयश पचवेल. पण चार तास गाडी हाकून परक्या दारात कळलं, तर जन्मात मान वर करणार नाही. १६च्या आत सांग. माझं नाव खुशाल घाल.

आत्यावर रुसलीस तरी चालेल, पत्र मात्र टाक.

यिंगआत्या

*

फ्रेस्नो, १८ ऑगस्ट

ती. यिंगआत्या हिस सा. न. वि. वि.

सांगितलं. बाबा व्हॅन धूत होते. तुझं नाव घालवेना. ऐकून त्यांनी पाइप बंद केला आणि एकेक पोतं उतरवायला लागले. मी हात लावायला गेले तर म्हणाले, राहू दे.

शनिवारी मला थोरल्या काकांकडे नेलं. दोरे बांधणारे बरेच जण जमले होते. वाटलं, आता मला पुढे ढकलतील. पण बाबाच गुडघ्यांवर बसले, कपाळ जमिनीला टेकवलं आणि म्हणाले, "तुमचा आशीर्वाद माझ्या घराने खोटं बोलून घेतला." लग्नात, मयतात आपले पुरुष वाकतात, माफीसाठी बाबांना वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मीही शेजारी बसले आणि बुधवारच्या पत्रासकट सगळं माझ्या तोंडाने सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, पुन्हा अर्ज कधी करता येतो? ऑक्टोबरात, म्हटलं.

आज जुन्या कॉलेजात कॅल्क्युलसला नाव घातलं. मास्तर तेच. मार्चमध्ये कुठे गायब झालीस, म्हणाले. आजी गेली होती, मी म्हटलं.

ते म्हणाले, "मग सांगायचंस की. पुढच्या आठवड्यात घेतली असती."

एवढंच होतं, आत्या. आहे तशी मला आपली म्हण.

पाकू