जोर कुठल्या अक्षरावर

अहो,

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिते आहे. काल तुमचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले. अंगात त्राण नाही, पण हे तुम्हाला कळवल्याशिवाय पाठ टेकवणार नाही.

सुनंदाचं दुसरं बाळंतपण आलं. इटलीला मीच जाणार, दुसरं कोण आहे? म्हणून नात रोज फोनवर तिकडचे शब्द शिकवते. शाळेत त्यांना शब्द तोडायला लावतात. एकेका तुकड्याला टाळी, जोर असेल तिथे मोठी. आरतीसारखंच की! पण या वयात डोकं कुठं चालतं? बापाला 'पापा' हाक मारताना जोर शेवटच्या 'पा'वर. मी पहिल्यावर दिला, तर खदाखदा हसली. म्हणे, आजी, हा तर पोप झाला, मोठा धर्मगुरू.

आज सकाळी पूजा आटोपून बसले, तर तिनं टाळ्या दिल्या. नोन्, नो. पहिली मोठी. जोडाक्षर मधोमध तुटतं, एक न अलीकडे, एक पलीकडे. मी अर्थ विचारला. मागून सुनंदा बोलली, "म्हणजे आजोबा, आई. बाबाले थे पोरगी हेच तं म्हणे."



आठवतं ना? नात नुकती बोलायला लागली होती. मला आजी म्हणायची, सुनंदानं शिकवलेलं. फोनवर तुमची मिशी दिसली की मात्र ओरडायची, नोन्नो, नोन्नो! तुम्हाला वाटलं, नो, नो. मलाही तेच ऐकू आलं. मग फोन वाजला की तुम्हाला नेमकी पाण्याची मोटर लावायची असायची. मी बोलावलं तर म्हणालात, "कावून बोलावून राहिली तू मले? पोरगी नाई म्हनते."

सुनंदाला एकदा विचारायचं होतं हो! लग्नापासूनची मिशी काढलीत, वर मला सांगितलंत, अकोल्याच्या उन्हात घाम येतो. ती हाक मारत होती, आणि तुम्ही स्वतःला नकोसे समजून गेलात.

मग मी फोन तुमच्या फोटोसमोर धरला. मिशीचाच लावला आहे. तिनं लगेच ओळखलं. "नोन्नो!" पहिल्यावर चांगला जोर देऊन. आणि वाट पाहत राहिली.

माझ्याच तोंडून निघालं, "ओ."

आता तिकडे जाते आहे. देवासमोर बसून सांगते, तिची ही हाक रिकामी जाऊ देणार नाही. तुमच्या वाटची ओ मी देईन.

तुमची,
विमल