अडीच कारणं

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वही दिवाळीत आणली, आज उघडली. रोज उद्या, उद्या! आज लिहितोय तेही रागानं.

तातेराव सर माझे आहेत. मी शोधलेत त्यांना! दोन महिन्यांमागं घनसावंगीहून येताना बसमध्ये शेजारी बसले होते. रिटायर झालेले सायन्सचे सर, बौद्ध, देव बिलकुल मानत नाहीत. माझ्या गळ्यातला क्रूस बघून म्हणाले, "देव हाय याची कारणं लिहून दे बरं." अंबड येईपर्यंत अडीच झाली. तिसरं लिहिता लिहिता बाहेर मोर दिसला, ते अर्धंच राहिलं. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "राह्यलेलं अर्धं आण कधीतरी."

चर्चमध्ये पाळकसाहेबांकडं मीच नेलं त्यांना. आता दर गुरुवारी तिथं वाद रंगतो— सर आणि मिथुन! मिथुन पाळकसाहेबांचा पोरगा, पुण्याहून ईश्वरविज्ञान शिकून आलाय. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलेला. मला काय? "बबलू, चहा आण रे!"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सर म्हणाले, "आम्ही देव सोडला तवाच मान वर झाली. चांगलं वागायला देव कशाला लागतो?"

मिथुन शांतपणे— "सर, माणूस नुसता रसायनांचा गोळा असंल, तर अन्यायाची चीड कशी येते? डोक्यात दगड पडला तर दगडावर केस करतो का आपण?"

सर हसले. "दगडाकडून न्यायाची अपेक्षा न्हाई धरत मी. माणसाकडून धरतो. तेवढं बास हाय."

मला बरं वाटलं. देवाच्या बाजूनं बोलणारा अडकला आणि मला बरं वाटलं— काय माणूस आहे मी!

मलाही एक बोलायचं होतं. देवाला वाद जिंकायचा असता तर तो क्रूसावर कशाला गेला असता? उत्तरं देत बसला असता की! तोंड उघडलं, तर सर मिथुनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "पोरा, तुझ्यासारखा विद्यार्थी मला भेटला न्हाई."

चहा गार झाला. मीच पिलो. तिन्ही कप.

१४ नोव्हेंबर

तुझ्यासारखा विद्यार्थी. तुझ्यासारखा!! कामाचं बघायला टेंभुर्णीला निघालो होतो. जालन्याच्या स्टँडवर एकजण चाकू-सुऱ्या विकत होता, ते बघण्यात दोन बस गेल्या. परत आलो. डोक्यात तेच.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहू का नको.

आमच्याकडं उपासनेच्या आधी डब्यात चिठ्ठ्या टाकतात— कुणासाठी काय प्रार्थना करायची त्याच्या. खाली नाव लिहायचं नसतं. पाळकसाहेब एकेक उघडतात आणि जशीच्या तशी मोठ्यानं वाचतात. आज मिथुननं सरांना बोलावलं होतं, "एकदा बघा तरी" म्हणून. सर शेवटच्या बाकावर बसले. मी घाईघाईत एक चिठ्ठी टाकली.

'तातेराव सरांचा गर्व मोडो आणि आमचा वाद माझ्या हातून त्यांना तारणाकडं आणो.'

वाद घालणारा कोण? मिथुन! सगळ्यांना तसंच वाटणार, मला बराबर ठाऊक होतं.

वाचून झाली. सगळ्यांच्या माना वळल्या. सर उठले, चालत पुढं आले, पाळकसाहेबांच्या हातातून चिठ्ठी घेतली. चष्मा वर करून वाचली. खिशात घातली. "चालू द्या तुमचं." गेले.

मी डोळे मिटून घेतले, प्रार्थनेला मिटतात तसे.

१७ नोव्हेंबर

"मी न्हाई लिहिली," मिथुन एकदाच म्हणाला. कुणाचा विश्वास नाही. बापाचाही नाही. "हेच शिकून आलास का पुण्याहून?"— पाळकसाहेब, सगळ्यांसमोर.

तरी तो सरांच्या घरी माफी मागायला गेला! दाराला कुलूप होतं म्हणे. पण गेला ना! न केलेल्याची माफी— हेसुद्धा त्यालाच जमावं? याचाही हेवा वाटतोय मला. लाज वाटायला पाहिजे, ती सोडून हेवा!

२० नोव्हेंबर, गुरुवार

वाद बंद. चहा पण बंद. कप धुवून पालथे ठेवले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आत्ताच आई ओरडली, "बबलू, तुझे ते बिनदेवाचे सर आलेत बघ!"

सर खाटेवर बसले. एका मांडीवर बसमधला कागद ठेवला, दुसऱ्या मांडीवर चिठ्ठी. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस. अक्षर ओळखायला त्यांना काय लागतं!

"मिथुनला सांगितलं का सर?"

"मी कशाला सांगू? माणसाकडून न्यायाची अपेक्षा धरतो, म्हणलो होतो ना?"

आई चहा टाकतेय, तेवढ्यात आतल्या खोलीत येऊन लिहितोय. सर एकटे आले नाहीत. त्यांच्या गाडीवर मागं बसून मिथुन आलाय. अंगणात उभा आहे. त्याला अजून काहीच माहीत नाही.