समुद्र ऐकू येणार नाही अशी जागा

मी, म्यूरिएल ॲन गेज, अविवाहित, वय अडुसष्ट, निसर्गचित्रकार आणि नॉरिचच्या एका मुलींच्या शाळेतली निवृत्त चित्रकला-शिक्षिका, राहणार ईस्टवोल्ड, नॉरफकचा किनारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. डॉक्टर प्रेंटिस यांनी माझे हृदय तपासून 'आवराआवर करून ठेवा' असे सांगितले आहे. डोके शाबूत आहे. मला भीती वाटते, फार वाटते. परंतु घाबरलेल्या माणसाला कायदा वेडा मानत नाही, असे माझ्या वकील मिस फिलिस अटिंग यांनी मला खात्रीने सांगितले आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी परवा शेगडीत घातले. का, ते पुढे येईल.

कलम १. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी मिस अटिंग यांनाच नेमते. त्या माझ्या विद्यार्थिनी. त्यांनी काढलेली झाडे केरसुणीसारखी दिसत, पण चित्र अर्धे टाकून त्या कधी उठल्या नाहीत. पाऊस आला तरी नाही. अशाच माणसाच्या हाती दुसऱ्याचे काम सोपवावे.

कलम २. ईस्टवोल्डच्या घरातला माझा अर्धा हिस्सा मी माझा धाकटा भाऊ क्लेमंट गेज याला देते. त्यात राहण्यासाठी मात्र देत नाही. कौले, दारे, फरशा, जे काढून नेता येईल ते त्याने काढून विकावे आणि निघावे.

गेल्या फेब्रुवारीपर्यंत आमच्या आणि कड्याच्या मध्ये मिसेस डॅक यांचे घर होते. त्या दिवशी भर दुपारी त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. चिमटे संपले म्हणून आत आल्या. परत दार उघडले तर अंगणच नव्हते; कड्याबरोबर खाली समुद्रात गेले होते. टोपली कडेवर घेऊन त्या आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मिस गेज, माझी दोरी गेली हो." एवढेच, पुन्हा पुन्हा. त्यांना खुर्चीत बसवले, तरी टोपली सोडेनात. मागोमाग त्यांचे घरही गेले. आता त्या यार्मथला मुलीकडे असतात आणि कड्यावर शेवटचे घर आमचे आहे.

मी क्लेमंटला म्हटले, "आता तरी चल."

"कशाला? आयता समुद्र दिसायला लागला. लोक पैसे मोजून बघायला येतात."

तो असाच बोलतो. लहानपणापासून.

कलम ३. माझी चित्रे. भिंतीवरची आणि माळ्यावरची सर्व चित्रे मिस अटिंग यांनी विकावीत. न विकली गेली तर ज्या माजी विद्यार्थिनी मागतील त्यांना द्यावीत. एकाही चित्रात समुद्र नाही. लंडनला शिकायला गेले तेव्हा आमचे वृद्ध मास्तर मिस्टर हॅलम माझी वही चाळत म्हणाले होते, "किनाऱ्यावरची पोरगी तू, आणि समुद्र कुठाय?" मी म्हटले, "पाठीमागे आहे, सर." वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून विचारले, "कशाला घाबरतेस?" मी वही मिटली. पुढे जन्मभर मी बार्लीची शेते, गवताच्या गंजी, पाणथळीतल्या गाई रंगवल्या, आणि कानाने मागचा आवाज धरून ठेवला. माझ्या एकमेव प्रदर्शनाबद्दल नॉरिचच्या वर्तमानपत्रात छापून आले की या बाईंच्या चित्रांत दुर्मिळ निश्चिंती आहे. ते लिहिणारे गृहस्थ हयात असतील तर त्यांना माझ्या इस्टेटीतून काहीही देऊ नये.

कलम ४. जलरंगांची पेटी, ब्रश आणि घडीचा इझल शाळेला द्यावा. नव्या शिक्षिकेने मुलींना उघड्यावर न्यावे. खोलीत बसून आभाळ रंगवता येत नाही. पण ईस्टवोल्डला आणू नये.

कलम ५. आमचे पाद्री रेव्हरंड पॅजेट यांना मी माझी मोजपट्टी देते. चर्चच्या भिंतीपासून कड्यापर्यंतचे अंतर त्यांनी ती स्वतः हातात धरून मोजावे. दर वेळी मी विषय काढला की ते म्हणतात, "मिस गेज, परमेश्वराच्या अंगणाची काळजी परमेश्वर करील." मागच्या वर्षी त्या अंगणाचे फाटक खाली गेले. ते त्यांनी नवे करून घेतले, थोडे आत.

कलम ६. माझे दफन. या कलमासाठीच हे मृत्युपत्र नव्याने लिहीत आहे.

मी नऊ वर्षांची आणि क्लेमंट सहा वर्षांचा असताना आम्ही कड्याखाली शिंपले वेचत होतो. वर मातीतून एक लाकडी कोपरा बाहेर आला होता. क्लेमंट म्हणाला, "मुरी, बघ, कुणाचं तरी कपाट!" मी वर पाहिले. फळी सुटली होती. आत काय होते ते मी येथे लिहीत नाही. क्लेमंट हसत सुटला, मग एकदम थांबला, आणि घरी पोचेपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही. ती कबर आमच्या आजोबांच्या ओळखीच्या माणसाची होती.

जुन्या मृत्युपत्रात मला आईशेजारी, इथल्या चर्चच्या अंगणात पुरावे, असे मी लिहिले होते. आई आता शेवटच्या रांगेत आहे. तिच्या पुढच्या दोन्ही रांगा गेल्या. म्हणून मला टॅसबरो येथे, किनाऱ्यापासून दूर आत, चिकणमातीत पुरावे. गेल्या हिवाळ्यात मोठे वादळ सुटले असताना मी मुद्दाम बसने तेथे गेले आणि त्या चर्चच्या मागे बराच वेळ उभी राहिले. फक्त कावळे ऐकू आले.

कलम ७. माझी बँकेतली शिल्लक. क्लेमंटने ईस्टवोल्ड सोडले तरच ती त्याला मिळावी, असे मी याच्या पहिल्या खर्ड्यात लिहिले होते. न्याहारीच्या वेळी त्याला वाचून दाखवले. वाटले, चिडेल. तो अंडे फोडत राहिला.

मी म्हटले, "क्लेमंट, तुला खरंच भीती वाटत नाही?"

"वाटते की. महिनाभर बूट घालून झोपतोय."

"मग चल ना! कशासाठी थांबलायस?"

"आईला इथं एकटीला टाकून?" तो म्हणाला. "पोरं खाली शिंपले वेचतात, मुरी. अजून वेचतात."

आठ दिवस मी त्याला हट्टी, अडाणी, काय काय म्हणत होते.

म्हणून ती अट मी काढून टाकली आहे. शिल्लकेतून सर्वप्रथम आमची आई, सारा गेज, हिला काढून टॅसबरोला न्यावे आणि तेथे तिघांची जागा घ्यावी. उरेल ते क्लेमंटचे. आईला नेले की येईन, असे त्याने कबूल केले आहे. कबर हलवण्यासाठी बिशपच्या कचेरीची परवानगी लागते. मिस अटिंग यांनी अर्ज केला आहे. उत्तर आलेले नाही, आणि हिवाळी भरती सुरू झाली आहे.

कलम ८. परवानगी येण्याआधीच कडा गेला, तर क्लेमंटने त्याच दिवशी घर सोडावे. आईला शोधायला त्याने खाली किनाऱ्यावर उतरू नये. असे कलम कायद्याने कोणाला बांधत नाही, हे मिस अटिंग यांनी मला समजावून सांगितले. तरी ते राहू द्यावे. आज सही करण्यापूर्वी मी त्याला हे वाचून दाखवले आणि म्हटले, "उतरणार नाहीस असं म्हण."

तो खिडकीशी उभा होता.

"म्हण, क्लेमंट."

"तुझा चहा निवतोय," तो म्हणाला.

सही: म्यूरिएल ॲन गेज

आम्हा दोघांच्या समक्ष बाईंनी वरील सही केली व त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार: हर्बर्ट लार्टर, पोस्टमन
साक्षीदार: ईडिथ डॅक, हल्ली मुक्काम यार्मथ

ईस्टवोल्ड, ९ नोव्हेंबर १९३६