वरच्या मजल्यावरचा तटस्थ

२४ ऑक्टोबर १९५६, बुधवार

आज संयुक्त राष्ट्र दिन. मुद्दाम हाच मुहूर्त साधून आमच्या बिल्डिंगीचं ‘परस्पर सलोखा मंडळ’ स्थापन केलं. सेक्रेटरी मी. एकमतानं. (दुसरं कोणी तयार नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.)

उन्हाळ्यात नळावरून झाली तशी डोकेफोड पुन्हा होणे नाही. न्यूयॉर्कला जे जमतं ते मुलुंडला का जमू नये? संयुक्त राष्ट्रांचं चार्टर समोर ठेवून घटना मीच लिहिली. पाच जुने, वजनदार भाडेकरू कायम सभासद. त्यांतला एक जरी ‘नाही’ म्हणाला, तरी ठराव पडला. म्हणजे व्हेटो. त्यामुळे मोठी माणसं रुसून बाहेर जात नाहीत. आमच्या बरोबर खालच्या खोल्यांतले विद्याधरराव त्या पाचांत आहेतच. बँकेत अकाउंटंट, बिल्डिंगीतला एकमेव रेडिओ त्यांचा, शिवाय माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. स्थळ मीच आणलं होतं. इथं जागाही मीच मिळवून दिली. उत्तराला माहेर एका जिन्यावर! आई असती तर धन्य झाली असती.

कुंदानं विचारलं, पाचांत बाई एकही नाही? म्हटलं, न्यूयॉर्कलाही नाही. ती म्हणाली, भाजा लष्कराच्या भाकऱ्या. आमच्या सौभाग्यवतींना जागतिक दृष्टी नाही.

संकल्प: रोज पहाटे उठून चार्टरचं एक कलम पाठ.

३१ ऑक्टोबर, बुधवार

इजिप्तवर हल्ला झाला. पाठांतर दुसऱ्या कलमावर थांबलंय. सर्दी.

संध्याकाळी विद्याधररावांकडे बातम्यांना गेलो. सिक्युरिटी कौन्सिलमध्ये युद्ध थांबवायचा ठराव आला आणि इंग्लंड-फ्रान्सनं व्हेटो केला. मी फार अस्वस्थ झालो. विद्याधरराव म्हणाले, ज्याच्या हाती ससा तो पारधी, श्यामराव. माणूस वाचलेला आहे. उत्तरानं चहा दिला. कपाळाला टेंगूळ. कपाटाचं दार लागलं म्हणाली. वर येऊन कुंदाला सांगितलं, तर ती म्हणाली, ते दार गणपतीपासून लागतंय तिला.

उद्या सुतार पाठवायला हवा.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून आपलं द्वैभाषिक राज्य. तिसऱ्या खोलीतल्या मार्तंडरावांनी निषेध म्हणून आकाशकंदील लावला नाही. मी कंदील लावला, पण आत दिवा ठेवला नाही. दोन्ही बाजू राखल्या.

विद्याधररावांनी आज रेडिओ फार मोठा लावला होता. मला वर बसल्या बसल्या ऐकू यावं म्हणून असणार. बातम्या संपल्यावरही मोठाच. बाजारभाव चालू होते. लासलगावचा कांदा अख्ख्या बिल्डिंगीनं ऐकला. कुंदा लाटणं हातात घेऊन गॅलरीत उभी. म्हणाली, रेडिओच्या खालचं ऐका. मी कान दिला. मला कांदाच ऐकू आला.

सुतार राहिला. दिवाळीचे दिवस, मिळत नाहीत.

२ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

कुंदानं स्पष्टच सांगितलं. तो तिला मारतो. रेडिओ त्यासाठी मोठा लागतो. तुम्ही थोरले भाऊ, खाली जा आणि त्याचा हात धरा.

मला धक्का बसला. लहानपणी उत्तरा झोपेत माझं बोट धरायची, ते उगाच आठवत राहिलं. निघालो होतो. खरंच निघालो होतो. चप्पल घातली. पण जिन्यात विचार केला की भाऊ म्हणून गेलो तर मंडळाचा सेक्रेटरी म्हणून माझी न्यूट्रॅलिटी गेली. शिवाय चार्टरचं दुसरं कलम, पोटकलम सात: कोणाच्या घरच्या बाबतीत बाहेरच्यांनी पडू नये. नेमकं पाठ झालेलं कलम! परत वर आलो.

कुंदानं विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, प्रश्न योग्य पातळीवर हाताळला जाईल.

४ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले. तिथल्या रेडिओवरून माणसं जगाला हाका मारत होती म्हणे, मदत करा, मदत करा. ऐकून गलबलून आलं.

ओवाळून घ्यायला खाली गेलो. विद्याधरराव आंघोळीला गेले होते. उत्तराचं मनगट फडक्यानं बांधलेलं, तबक एका हातानं धरलं होतं. निरांजन थरथरत होतं. मी तबकात खण ठेवला. तिनं तो उचलून माझ्या हातात परत दिला आणि हळूच म्हणाली, दादा, ओवाळणी नको. मला वर घेऊन चल. चारच दिवस.

मी तिला नीट समजावून सांगितलं. विषय मंडळापुढे जातोय. निकाल लागायच्या आत सेक्रेटरीनंच एका पार्टीला घरी नेलं, तर मंडळावर कोणाचा विश्वास राहील? तिनं ऐकून घेतलं. मान हलवली. समजूतदार आहे, पहिल्यापासून. मग खण परत घेतला. बाथरूमची कडी वाजली, तशी ती आत गेली.

फराळाला चकली उत्तम होती. खाववली नाही.

६ नोव्हेंबर, मंगळवार

गच्चीवर तातडीची मीटिंग. ठरावाचा ड्राफ्ट माझा: ‘बिल्डिंगीतील काही घरांत होणाऱ्या मोठ्या आवाजांबद्दल हे मंडळ तीव्र चिंता व्यक्त करीत आहे.’ नाव कोणाचं नाही. अक्षर वळणदार.

मार्तंडराव म्हणाले, घरोघरी मातीच्याच चुली. दोघांनी माना डोलावल्या. विद्याधररावांनी शांतपणे ‘नाही’ म्हटलं आणि पानाचा डबा पुढे केला. ठराव पडला. सगळ्यांनी पान खाल्लं.

मी तटस्थ राहिलो. हंगेरीच्या ठरावावर आपला देशही तटस्थच राहिला, आणि देश चालवणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. कुंदाला हे सांगितलं. ती कपडे वाळत घालत राहिली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१० नोव्हेंबर, शनिवार

एकतर्फी कारवाई! ऑफिसातून आलो तर उत्तरा आमच्या स्वयंपाकघरात. कुंदानं दुपारी खाली जाऊन हात धरून वर आणलं. कोणाची परवानगी नाही, ठराव नाही.

उत्तरा तिन्हीसांजेलाच गाढ झोपली, भिंतीकडे तोंड करून. कुंदा म्हणाली, कित्येक दिवसांत झोपली नव्हती. पाठ पाहिलीत का तिची? मी पाहिली नाही.

१२ नोव्हेंबर, सोमवार

बातम्यांना या, असं खालून बोलावणं नाही. जगात काय चाललंय कळत नाही. वर्तमानपत्र म्हणजे शिळा भात.

संध्याकाळी विद्याधरराव स्वतः पेढे घेऊन वर आले. डोळ्यांत पाणी. डोकं तापतं हो, म्हणाले, बँकेत त्रास असतो. माणूस वाईट नाही. मी ताबडतोब युद्धबंदीचा ड्राफ्ट केला. हात उगारणार नाही, कलम एक. रेडिओ बेताचा लावीन, कलम दोन. रोज संध्याकाळी निरीक्षक म्हणून मी येईन, कलम तीन. सही झाली. अंगावर रोमांच आले. न्यूयॉर्कलाही इतकं झटपट होत नाही!

कुंदानं पेढा घेतला नाही. म्हणाली, तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आता त्याला तुमची सही.

उत्तरानं पिशवी भरली. दारात थांबून एवढंच विचारलं, दादा, रोज येशील ना? म्हटलं, रोज. न चुकता.

१४ नोव्हेंबर, बुधवार

निरीक्षण केलं. सर्व शांत. चहा, बातम्या. उत्तरा माझ्या खुर्चीपाशीच तांदूळ निवडायला बसली होती, मी उठेपर्यंत.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात उशीर. पायही दुखत होता. उद्या दुप्पट वेळ बसेन.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस! शांतिसेनेची पहिली तुकडी इजिप्तमध्ये उतरली. आपलेही जवान जाणार. दोन फौजांच्या मध्ये नुसतं उभं राहायचं, मारायचं नाही. केवढी थोर कल्पना. माझा ऊर भरून आला.

कुंदा चेंबूरला भावाकडे गेली आहे, बारशाला. मी खाली जायला निघणारच होतो, पण रेडिओ इतका मोठा होता की गॅलरीतच खुर्ची टाकली. एक ना एक शब्द ऐकू आला. बातम्यांनंतरही मोठाच. कीर्तन लागलं. विद्याधरराव आणि कीर्तन! माणूस सुधारतोय. मी गॅलरीतच ताल धरला.

१७ नोव्हेंबर, शनिवार

उत्तरा इस्पितळात. कुंदा सकाळी चेंबूरहून परतली ती आधी खालीच गेली, आणि टांगा बोलावून तिला घेऊन गेली.

मी ऑफिसात होतो.

१९ नोव्हेंबर, सोमवार

हाड बरं होईल. कान नाही. डॉक्टर म्हणाले, एका कानाचं ऐकू येणं गेलं ते गेलं.

कुंदानं विचारलं, शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही कुठं होतात? म्हटलं, गॅलरीत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, रेडिओ मोठा होता? म्हटलं, हो. मीच बोलत बसलो, कलम तीनमध्ये ‘प्रत्यक्ष हजर’ असा शब्द नव्हता वगैरे. बोलता बोलता लक्षात आलं, ती खोलीत नव्हती.

२५ नोव्हेंबर, रविवार

कुंदाचा धाकटा भाऊ जयवंत आला. शाळेत ड्रिल मास्तर, मॅट्रिकला दोनदा गचकलेला. बसला नाही, पाणी प्यायला नाही. सरळ विद्याधररावांच्या घरात शिरला आणि उत्तराची ट्रंक उचलली. विद्याधरराव दारात आडवे उभे राहून म्हणाले, नाही. जयवंत चालतच राहिला. विद्याधररावांनाच बाजूला व्हावं लागलं. इस्पितळातून परस्पर तिला चेंबूरला घेऊन गेला.

त्याला व्हेटो म्हणजे काय तेच ठाऊक नाही.

मी जिन्यात उभा होतो. ट्रंकेची एक कडी धरायला पुढे झालो. तो म्हणाला, राहू द्या, जड नाही.

९ जून १९५७, रविवार

मंडळाची मीटिंग कोरमअभावी तहकूब. पाचव्यांदा.

विद्याधररावांची सोलापूरला बदली झाली. आज सामान हललं. रेडिओ चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन टांग्यात बसले. निघताना माझ्यापुढे हात केला. मी मिळवला. का मिळवला? हात पुढे आला, मिळवला. कुंदा वरून बघत होती. खालच्या दाराला कुलूप लागलं. आता अगदी शांतता आहे.

२४ ऑक्टोबर १९५७, गुरुवार

यंदा भाऊबीज आणि संयुक्त राष्ट्र दिन एकाच दिवशी. भाषण लिहून ठेवलं होतं, पण ऐकायला कोणी नाही.

चेंबूरला गेलो. कुंदा सकाळीच पुढे गेली होती. वर्षात मी पहिल्यांदाच. कामं असतात. उत्तरा तिथल्या मुलींना शिवण शिकवते. अंगानं जरा भरली आहे. जयवंतच्या वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन हसत होती. आधी जयवंतला ओवाळलं. मग मला म्हणाली, ये दादा, बैस.

ठरवून गेलो होतो. ड्राफ्ट नाही, कलम नाही. गेल्या भाऊबीजेला तिनं मागितलं ते द्यायचं. उत्तरा, घरी चल, एवढंच. मी पाटावर बसलो. ती शेजारी बसून, खाली मान घालून निरांजनात तूप घालत होती. बाकीची मंडळी आत. म्हटलं, उत्तरा, घरी चल. मी त्या दिवशी न्यायला हवं होतं तुला. आता कोणाला विचारणार नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

ती तूप घालतच राहिली. मला वाटलं, रागावली आहे. रागावू दे. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, दादा, काही म्हणालास का?

मी तिच्या डाव्या अंगाला बसलो होतो. वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं, कान कोणता.

परत म्हणणार होतो. तेवढ्यात कुंदा फराळाच्या बशा घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, काही नाही गं, वात जरा मोठी कर म्हटलं. तिनं वात मोठी केली आणि ओवाळलं. तबक दोन्ही हातांत होतं, अजिबात हललं नाही.

संकल्प: पुढच्या भाऊबीजेला उजव्या बाजूला बसायचं.