पलटलेला जबडा

सोम., २ फेब्रु.
शिवणयंत्र मुडपून आत सरकवलं, वर लॅपटॉप मांडला. मला विचारलं नाही. "आजी, टेबल रिकामंच होतं." रिकामं कसलं? पस्तीस वर्षं त्यावर खडकीतल्या बायांचे ब्लाऊज शिवले. आता तिथे कुत्र्या-मांजरांच्या कवट्या फिरतात.
ही माझी नात, प्रज्ञा. जनावरांची डॉक्टर झाली, ते पुरलं नाही, आता जनावरांच्या दातांची होतेय. कोर्स पुण्यात, म्हणून मुक्काम माझ्याकडे विश्रांतवाडीला. येऊन तीन आठवडे झाले. बोलते लॅपटॉपशी.
वही ह्यांची. फॅक्टरीतून मिळालेली, जुन्या वर्षाची, कोरीच राहिली. वार जुळत नाहीत, खोडून लिहिते.

बुध., ४
साहेब आजही भाकरी टाकून उठला. साहेब म्हणजे कुत्रा. नाव ह्यांनी मुद्दाम ठेवलेलं. जन्मभर साहेबांचं ऐकलं, मग रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी, "साहेब, खाली बसा." तो बसायचा. हे जाऊन दोन वर्षं झाली. मी सांगितलं तर बसत नाही, नुसता बघतो.
तोंडाला घाण वास. पाण्याच्या भांड्यात रक्ताची तार.
प्र.ला म्हटलं, बघ जरा. तोंड उघडून बॅटरी मारली. "वरून काहीच दिसत नाही गं. हाडात असेल. उद्या मशीनवर माझा नंबर आहे, स्कॅन करून टाकू." अकरा वर्षांचं जनावर, भूल झेपेल का? म्हणाली, "बघू." हे डॉक्टरचं उत्तर नव्हे, तिच्या बापाचं. दिलीप नागपूरहून दर दिवाळीला हेच सांगतो. येऊ, बघू.

गुरु., ५
त्याला उपाशी न्यायचं होतं. मग मीही चहा घेतला नाही. त्याच्या देखत कपात फुंकर मारत बसायचं, बरं दिसत नाही.
दवाखान्यात बाकावर शेख म्हणून एक गृहस्थ. टोपलीत बोका. मी विचारलं, घरी कोण कोण? टोपलीवर हात ठेवला, "आम्ही दोघं." पुढे मी काही विचारलं नाही. त्यांनीही नाही.
काचेतून दिसलं. आधी बोका, मग साहेब, मग कुणाचा तरी लठ्ठ लॅब्रॅडोर. तिघांना पोटावर निजवलं, तोंडात नळी. तिन्ही स्कॅन प्र.नं एकटीनं केले. शिकवणाऱ्या मॅडम एकदा दारातून डोकावल्या, मान हलवली, गेल्या.
साहेब साडेअकराला शुद्धीवर आला. माझा हात चाटला. तसा तो सगळ्यांचाच चाटतो.

शुक्र., ६
आज प्र. दहा मिनिटं बोलली. मी घड्याळात बघितलं म्हणून माहीत.
"आजी, स्लाइस-ब्रेड असतो ना, तशा ह्याच्या डोक्याच्या चकत्या. शेकडो. मग कॉम्प्युटर त्या परत रचतो."
"परत रचायच्या तर कापायच्या कशाला?"
हसली. माउस माझ्या हातात दिला. साहेबाचं डोकं मी फिरवलं. कातडं नाही, कान नाहीत, तरी ओळखू आला. दातांची मुळं हाडात केवढी खोल जातात! वर दिसतो तो निम्मासुद्धा नाही. डावीकडे खालच्या दाढेखाली काळी पोकळी, चिंचोक्याएवढी.
"गाठ दिसतेय. दोन दाढा आणि तेवढं हाड काढावं लागेल. मंगळवारी मॅडम करतील, मी हाताखाली."
जबड्याचं हाड काढल्यावर खाणार कसं म्हणून विचारणार होते. तोवर तिनं कानात बोंडं घातली.

शनि., ७
डावी म्हणाली. पण साहेब चावतो डावीकडूनच. मान कलती करून घास डावीकडे सारतो. समोर बसून रोज दोन वेळा मीच तर बघते, मला दुसरं काम काय. दुखऱ्या बाजूनं कोण चावेल?
प्र.ला सांगितलं.
"आजी, स्कॅनमध्ये क्लिअर दिसतंय. त्यात तुला काय कळणार?"
बरोबर. चौथी पास. धुतलेली भांडी परत धुतली.
दुपारी ती दवाखान्यात. साहेबाला म्हटलं, तुझं तू सांग की. जांभई दिली. वास आला.

रवि., ८
सकाळ. ती आंघोळीला. लॅपटॉप उघडाच, त्यावर साहेबाचं डोकं, तोंड माझ्याकडे.
वरचा एक सुळा अर्धा तुटका. तो मला ठाऊक आहे, ह्यांच्या सायकलचं पेडल चावून वर्षभराचा असताना तोडलाय. हे महिनाभर पेडलवरून त्यालाच बोल लावायचे. पण पडद्यावर तो माझ्या उजव्या हाताकडे होता.
साहेबाला ओढत आणलं, तसंच तोंड माझ्याकडे करून धरलं, ओठ वर केला. तुटका सुळा माझ्या डाव्या हाताकडे.
परत बघितलं. परत तेच.
बाथरूमचं दार वाजवलं. "काय गं आजी?" म्हटलं, साबण धू आणि बाहेर ये.
ओल्या केसांनी आली. एकदा साहेबाकडे, एकदा पडद्याकडे. खुर्चीवर बसली ती बसलीच.
मग तिनंच सांगितलं. पोटावर निजवल्यामुळे चित्र खालचं वर आलेलं. सरळ करायला तिनं ते पलटलं. "रोटेट करायचं होतं, मी फ्लिप केलं."
एवढंच ना? हे तर मला कळतं. बाहीचा तुकडा टेबलावर गोल फिरवा, ज्या हाताची आहे त्याच हाताची राहते. उचलून पालथा घाला, दुसऱ्या हाताची झाली. नवीन मुली हमखास दोन्ही बाह्या उजव्या कापायच्या. कापड वाया गेलं की मी ओरडायची. इथे वाया जाणार तो साहेब, टेबलाखाली अंग चाटत होता.
"तिन्ही तशीच केलीस?"
केसांतून टेबलावर पडलेलं पाणी पुसत राहिली.
"प्रज्ञा."
"हो. तिन्ही."
मंगळवारी साहेब, लॅब्रॅडोर त्याच्यानंतर. पण शेखांचा बोका उद्या सकाळी नऊला. कागद मॅडमकडे पोचलेत, त्यावर बाजू लिहिलेली. लिहिली हिनंच.
"मॅडम कापायच्या आधी तोंड उघडून बघतीलच ना आजी."
"साहेबाचं तूही उघडून बघितलंस. काय दिसलं?"
रडायला लागली. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला नाही. फिरवला असता तर आणखी तासभर गेला असता. म्हणे, मॅडम आता मशीनला हात लावू देणार नाहीत. म्हणे, कोर्स गेला तर नागपूरला परत जावं लागेल. जा, म्हटलं. टेबल रिकामं होईल.
असं म्हणायला नको होतं. पण आता म्हटलं.

रवि., संध्या.
चार वेळा फोन लावला, मॅडम उचलत नाहीत. मेसेज टाकला, "अर्जंट बोलायचंय." कशाबद्दल ते लिहिलं नाही. मी विचारलं, का नाही? "बोलूनच सांगते." बोलून सांगायचं की बोलता बोलता गिळायचं, बघू. हे बघू माझं.
तिघांची चित्रं तिनं परत नीट लावली, ह्या वेळी फिरवून. मला बोलावलं. म्हणाली, "आजी, बघ." मी सुळा बघितला. जागेवर आहे. पोकळी उजवीकडे गेली. लहान मात्र झाली नाही. मंगळवार तसाच उभा आहे.
भाकरी दुधात कुस्करून दिली. साहेबानं खाल्ली. डावीकडून. प्र. जमिनीवर बसून ते बघत होती, कानात काही न घालता.
मग म्हणाली, "आजी, तूच सांग ना मॅडमना. साहेब तुझा आहे. मालकिणीच्या लक्षात आलं म्हण. तुला कोण काय बोलणार आहे?"
खरं आहे. मला कोणी काही बोलत नाही.
म्हटलं, साहेबाचं मी सांगेन. बोक्याचं कोण सांगणार?
वाजतोय. मॅडमचाच. ती फोन हातावर घेऊन माझ्यापुढे धरून उभी आहे, गरम पातेलं धरावं तसा. मी वही मिटत नाही, पेन खाली ठेवत नाही, हात मोकळा करत नाही.
माझ्याकडे बघू नकोस गं. उलटी बाही कापलीस तू. उचल, आणि तूच बोल.