डिझाइन मास्तर, अर्थात मीच

२ जानेवारी १९८५
भिकू मास्तर अखेर चालले. डोळ्यांना दिसत नाही, आता आंजर्ल्याला मुलाकडे राहतो म्हणाले. दिसत कधी होतं? अर्ध्या रत्नागिरीच्या वाकड्या कॉलरी साक्षीला आहेत. दुकानात हार घातला, चहा पाजला. मी डोळे पुसले. इस्त्रीचा धूर गेला होता.
मोहिनी टेलरिंग हाऊसमध्ये आता सीनियर मीच. संकल्प: तंबाखू बंद. रोज पहाटे भाट्याच्या समुद्राकाठी वाळूत चालायचं. दुकानातल्या बाबल्याशी बोलायचं नाही.

३ जानेवारी
पहाटे थंडी होती, चालायला गेलो नाही.
आमचे मालक काशीरामशेठ मुंबईला लेकीकडे जाऊन आले. तिथे कुठल्याशा इंग्लिश मासिकात त्यांनी वाचलं म्हणे, परदेशातल्या कपड्यांच्या बड्या पेढ्यांत एक माणूस असतो. तो कापत नाही, शिवत नाही. लोकांनी यंदा काय घालायचं एवढंच ठरवतो. आपल्याकडे आंबेवाले, डॉक्टर, वकील सगळे येतात, तेव्हा आपल्यालाही तसा माणूस हवा. डिझाइन मास्तर. काचेची केबिन, टेबल फॅन, दारावर नाव.
अंगावर काटा आला. न कापता, न शिवता दुकानात बसायचा माझ्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाला आहे?
तंबाखू फक्त जेवणानंतर.

६ जानेवारी
बाबल्या शेठच्या मागे मागे. हा मेला मुंबईत एका दुकानात इस्त्री मारत होता आणि इथे येऊन सांगतो, सिनेमावाल्यांची मापं घेतली. कानांवर केस, शर्टाची बटणं पोटापर्यंत उघडी. ज्याला स्वतःची बटणं लावता येत नाहीत तो रत्नागिरीला कपडे घालायला शिकवणार!
मी शेठना माझी योजना सांगितली. बेलबॉटम. सगळीकडे पँटी अरुंद होतायत, म्हणजे लोक लवकरच कंटाळणार, आणि तेव्हा आपण तयार असणार. शेठनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग उठून आत गेले. पटलेलं दिसतंय.

९ जानेवारी
परीक्षा जाहीर. संक्रांतीला शेठचे नवे जावई यायचेत. त्यांचा सूट मी शिवायचा, सफारी बाबल्याने. म्हणजे शेठनी ठरवलेलं आहेच, फक्त बाबल्याच्या तोंडावर सांगायचं जिवावर आलंय.
दुपारी घरी जेवायला गेलो तर शेठाणी आलेल्या. आमच्या येसूशी स्वयंपाकघरात बोलत बसल्या होत्या. कारण उघड आहे. एवढी मोठी जागा द्यायची तर माणसाच्या बायकोची चौकशी करणारच. मी बाहेरून दोनदा खाकरलो, घरात कर्ता माणूस आहे हे कळावं म्हणून. त्या गेल्यावर येसूला विचारलं काय म्हणत होत्या. तर म्हणे, ब्लाउजच्या बाहीच्या फुग्याबद्दल. येसू घरी बायाबापड्यांचे ब्लाउज शिवते. टाइमपास. लेडीज कामाला मी शिवणकाम मानत नाही, आणि हे तिला वारंवार सांगतो, म्हणजे तिचाही गैरसमज राहायला नको.

१३ जानेवारी
सूट तयार. खांदे असे की जावई दारातून आडवे येतील. येसूने हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाली, बगलेत मुंढा तंग आहे, हात वर जायचा नाही. मी म्हटलं, तू तुझे फुगे बघ.

१४ जानेवारी, संक्रांत
जावयांनी तिळगूळ घ्यायला हात पुढे केला आणि खांद्याची शिवण फर्रकन गेली. पाठीपर्यंत. त्यानंतर गोड बोलायला कोणी तयार होईना.
आदल्या दिवशी घरच्या बाईने असं अभद्र बोलल्यावर दुसरं काय व्हायचं? शिवाय ज्याला हात हलवायचेत त्याने सूट घालूच नये. सूट उभं राहण्यासाठी असतो. मग बाबल्याची सफारी चढवली. त्यात हात सगळीकडे जात होते, पण बसता येईना. बिचारे उभ्याने जेवले. माझ्या सूटमध्ये निदान आरामात बसले होते, हा फरक शेठच्या लक्षात आलाच असणार.
आज तंबाखू खाल्ली. सणासुदीला नियम नसतो.

१८ जानेवारी
शेठ कडाडले. म्हणाले, तुम्ही दोघांनी माझी अब्रू जावयाच्या अंगावर उसवलीत. आता माणसांची अक्कल चालवून झाली, पुढच्या रविवारी गावच्या देवीला कौल लावायचा. तीन नावं घालणार. देवी सांगेल तो डिझाइन मास्तर.
उत्तम! देवीला वशिला लागत नाही आणि तिला माझी लायकी लहानपणापासून ठाऊक आहे.
तिसरं नाव कोणाचं ते सांगत नाहीत. असेल कोणीतरी भरतीचा. दोनच नावं बरी दिसत नाहीत.

२१ जानेवारी
विचार केला. माझी लायकी ओळखण्यात देवीची चूक होणार नाही, पण कौलासाठी तिच्या अंगावर फुलांच्या कळ्या चिकटवणार विठू गुरव. आम्ही बरोबर शाळेत होतो, तेव्हापासून तो माझा द्वेष करतो, कारण मला त्याच्यापेक्षा जास्त कळायचं.
देवळात जाऊन त्याला गाठलं. मानाचं नाव नेहमी शेवटी पुकारतात, कुठल्याही सभेत जाऊन बघा. म्हणजे तिसरं नाव माझंच. विठूला म्हटलं, तिसऱ्या नावाला देवीच्या अंगावर उजवी कळी जरा सैल लाव. उजवी पडली की होकार, काम फत्ते. त्याने विचारलं, देवीच्या अंगाला पण टाचणी टोचून ट्रायल घेणार काय रे तू? मी त्याला एक बेलबॉटम कबूल केली. तो बाजूला जाऊन थुंकला. म्हणजे जमलं.

२४ जानेवारी
शेठाणी पुन्हा घरी. या खेपेस मुंबईच्या दोन बहिणी बरोबर. कीर्ती मुंबईपर्यंत गेलेली दिसते. मी मुद्दाम उंबऱ्यावर बसून राहिलो. जाताना त्यांनी एवढंच विचारलं की पाय जरा आत घेता का. बायका लाजतात.
दारावरची पाटी रंगवायला टाकली. अलोऱ्याला सासुरवाडीस कळवलं. आजवर मला तुच्छ लेखलंत, आता मुकाट्याने पेढे खा.
येसूला म्हटलं, रविवारी चांगलं लुगडं नेस, नवऱ्याचा मान बघायला चल. मान खाली घालून बसली. आनंद झाला असेल.

२७ जानेवारी, रविवार
पहिलं नाव पुकारलं. माझं.
मी ओरडणार होतो की क्रम चुकलाय, पण देवळात कसं ओरडणार? आणि काय म्हणून? विठूचं देवीपुढचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत डावी कळी पडली. टप्पकन. देवी एवढी घाईत कधी नसते.
दुसरा बाबल्या. डावी. त्यातल्या त्यात बरं वाटलं.
मग शेठनी तिसरं नाव सांगितलं. येसूबाई.
मला वाटलं दुसरी कोणीतरी येसूबाई असेल. तेवढ्यात उजवी पडली. सगळ्यांनी हात जोडले, बाबल्यानेसुद्धा. येसू मागे खांबाला टेकून उभी होती, मी नेसायला सांगितलेल्या लुगड्यात. तिने माझ्याकडे बघितलं. मी देवीकडे बघितलं.

२८ जानेवारी
सकाळीच जाऊन विठूचा गळा धरला. म्हटलं, गाढवा, नाव ऐकून तरी हात आवरायचास! तो म्हणाला, हात काढ आधी. मी देवीच्या अंगाला खोटं लावीत नाय. उलट तुझा राग आला होता, म्हणून तिसऱ्या नावाची उजवी चांगली दाबून लावली. तरी पडली.
घरी येऊन येसूला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, दोनदा सांगायला बसले, तुम्ही बेलबॉटमचं सांगत होतात. शेठाणी दिवाळीपासून मागे लागल्यात. दुकानात लेडीज सुरू करायचंय, बायकाच आता ठरवतात घरात कोणी काय घालायचं. मी नाहीच म्हणत होते. म्हटलं, ह्यांना लागेल. संक्रांतीचा तो सूट फाटला, त्या दिवशी हो म्हटलं.
फार लागलं. खोटं कशाला लिहू? रागावून न जेवता झोपायचं ठरवलं होतं, पण तिने कुळथाचं पिठलं केलं होतं.

१ फेब्रुवारी
येसूचा पहिला दिवस. ती पुढे गेली, मी मागून. काचेच्या केबिनमध्ये बसली. फॅन लावला. बाबल्या तिला बाईसाहेब म्हणतो, लोचट कुठला. आल्या आल्या तिने त्याला बटणं लावायला सांगितली, स्वतःची. हा निर्णय मला मान्य आहे.
दुपारी शेठनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, शिवराम, संक्रांतीनंतर तुला काढूनच टाकणार होतो. येसूबाईंनी पहिली अट घातली, ह्यांना ठेवायचं. मी बाईंना विचारलं, कशासाठी? तर म्हणाल्या, कटिंग देऊ नका, माणसांत बसवू नका, पण तुरपाई बरी करतात.
कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो आणि संध्याकाळपर्यंत वकिलीणबाईंच्या परकराचा घेर तुरपला. येसू एकदा केबिनबाहेर आली, टाके बघितले, आणि पुढचा परकर मांडीवर ठेवून गेली.
तुरपाई मी खरंच बरी करतो. हे आजवर दुसऱ्या कोणी म्हटलं नव्हतं.